कुमुदकाकूंचा उलटा फेरा

शहराच्या मधोमध जो जुना बगीचा आहे ना, त्यातला म्हातारा आवळा मी वाचवला. म्हणजे वाचवला कुमुदकाकूंनी. मी त्या वेळी भलत्याच झाडाला धागा गुंडाळून हात जोडून उभा होतो. पण आता काकू इंदुरात नाहीत, आणि नवीन लोक मला विचारतात, भिया, तो किस्सा काय होता. दोन-तीनदा मी तो असा सांगितला की त्यात काकू जरा कमी आणि मी जरा जास्त झालो. म्हणून म्हटलं, एकदा बरोबर सांगून टाकावा.

मी विलास. कृष्णपुऱ्याकडे स्कूटरच्या सीटा शिवायचं माझं दुकान आहे. घरात म्हणतात, आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत घोड्यावर बसायचे. माझ्या वाट्याला त्यातली फक्त बैठक आली, ती पण दुसऱ्याच्या स्कूटरची. शाळेचं म्हणाल तर सहावीत मास्तरांनी बाबांना बोलावून सांगितलं की याला कुठे तरी कामाला लावा, इथे फुकट जागा अडून राहिली आहे. बाबांना राग आला नाही. त्यांना वाटलं, मास्तर चांगला माणूस आहे.

तर मला शुगर निघाली. डॉक्टर बोलले, रोज सकाळी चालायला जा. मी चालत जायचो, पोहे-जलेबी खायचो आणि चालत परत यायचो. शुगर अजून वाढली. मग बायकोने सांगितलं, बगीच्यात जा, तिथे जलेबी मिळत नाही.

बगीच्यात एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. गेटातून आत आलं की डावीकडे वळायचं आणि घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. पहिल्याच दिवशी मी मोबाइलमध्ये कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा गुलाब बघत चाललो होतो, तर छातीला काही तरी धडकलं. खाली बघितलं, तर माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटनाएवढ्या उंचीची एक म्हातारी. सुती साडी, पदर खोचलेला, खाली पांढरे स्पोर्ट शूज. धडकून पण जागची हलली नाही. मीच मागे गेलो.

मी म्हटलं, काकू, तुम्ही उलट्या बाजूने येताय.

“मी बरोबर येतेय,” ती म्हणाली. “उलटे तुम्ही सगळे आहात. एकमेकांच्या पाठी बघत फिरता, मेंढरांसारखे. मी आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजला बसून आवाज ऐकले. अख्खं इंदूर माझ्या कानात बोललं, पण तोंड एकाचं नाही पाहिलं. आता मला तोंडं बघायची आहेत.”

मग तिने मान वर करून माझं तोंड नीट बघितलं. माल घेताना बघतात तसं.

“हे काही खास नाही,” ती म्हणाली. “पण चालेल. उद्या ये.”

तर ह्या कुमुदकाकू. सगळे सरळ फिरायचे आणि ह्या एकट्या उलट्या, म्हणून प्रत्येक माणूस त्यांना एका फेऱ्यात दोनदा समोरून भेटायचा. त्यात सुटका नव्हती. कोणाचं तोंड उतरलंय, कोण घरून भांडून आलाय, कोणाची झोप झाली नाही, सगळं त्या चालता चालता वाचायच्या आणि मोठ्याने सांगायच्या. मी एकदा गुपचूप जलेबी खाऊन बगीच्यात शिरलो. रुमालाने तोंड पुसलं होतं, वर बडीशेप पण खाल्ली होती. समोरून आल्या आणि न थांबता बोलून गेल्या, “मिशीला पाक आहे.” मागून येणारे सगळे माझी मिशी बघायला पुढे आले. त्यानंतर मी मिशी काढून टाकली. जलेबी सोडायला त्यापेक्षा जास्त टाइम लागला.

नोकरी सुटून किती तरी वर्षं झाली, तरी एक्सचेंज त्यांच्या जिभेवरून उतरलं नव्हतं. कोणी फालतू बोलायला लागला की म्हणायच्या, “होल्ड करा,” आणि पुढे निघून जायच्या. तो बिचारा खरंच उभा राहायचा. फेरा पूर्ण करून परत आल्या की, “हां, बोला आता.” तोपर्यंत त्याला काय बोलायचं होतं तेच आठवायचं नाही. कोणी त्यांच्याकडे दुसऱ्याची चुगली केली तर “राँग नंबर.” आणि फारच डोकं खाल्लं तर शांतपणे विचारायच्या, “लाइन तोडू?”

इंदूरची बाई, त्यामुळे कचऱ्याचं तर विचारूच नका. एक दिवस एका पहिलवानासारख्या पोराने पुडीचा कागद रस्त्यावर टाकला. काकूंनी वाकून तो उचलला, त्याच्या शर्टाच्या खिशात घातला, वरून खिसा थोपटला आणि म्हणाल्या, “तुमची वस्तू राहिली होती.” पोरगा लाल झाला. मी हळूच झाडामागे सरकलो, मतलब काही झालं तर साक्षीला कोणी तरी पाहिजे. नंतर म्हटलं, काकू, त्याने मारलं असतं तर? म्हणाल्या, “तर तोंड तरी लक्षात राहिलं असतं.”

आता आवळ्याचं. बगीचा साहेबलोकांच्या वेळचा. मडमा संध्याकाळी छत्र्या घेऊन फिरायच्या आणि आपले लोक बाहेरून जाळीतून बघायचे. काकू सांगायच्या की त्यांची आजी पण त्या जाळीबाहेर उभी असायची. साहेब गेले, आणि पुढच्या कार्तिकात आवळा नवमीला आजीने डबा भरला, पाटावरच्या पोरांना उठवलं आणि सरळ गेटातून आत शिरली. चौकीदार बोलला, अजून हुकूम आला नाही. आजी बोलली, माझा आलाय. मागच्या कोपऱ्यातल्या आवळ्याखाली बसून सगळे जेवले. तेव्हापासून त्यांच्या घरचं आवळीभोजन दरवर्षी त्याच झाडाखाली. आजी गेली, आई गेली, काकूंचे यजमान गेले, मुलगा पुण्याला गेला. काकू एकट्या राहिल्या, पण नवमी चुकली नाही. आता बगीच्यातले फिरणारे लोकच त्यांची पंगत झाले होते. मी पण दोन वर्षं तिथे जेवलो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि आवळ्याचं लोणचं. शुगर घरी ठेवून यायचो.

मग बगीच्याचं सुंदरीकरण निघालं. टाइल्सचा रस्ता, फवारा, आणि मागच्या कोपऱ्यात सेल्फी पॉइंट. एका सकाळी बघतो तर आवळ्याच्या खोडावर लाल रंगाने फुली मारलेली. गेटावर बोर्ड लागला, खाणं-पिणं बंद. गार्ड होते चौहानजी, त्यांना विचारलं तर म्हणाले, “ठेकेदार का काम है, मैं तो सीटी वाला आदमी हूँ.”

काकू नगर निगमच्या ऑफिसात गेल्या. मला सोबत नेलं, कारण माझी उंची बघून लोकांना वाटतं मी काही तरी आहे. साहेब चांगला बोलला, खुर्ची दिली, चहा मागवला. समजावून सांगितलं की शहराबाहेर दहा नवीन झाडं लावणार आहेत. मग म्हणाला, “माताजी, वैसे भी ये पेड़ अब फल नहीं देता.”

काकूंनी कप खाली ठेवला. “फल तो अब मैं भी नहीं देती,” त्या म्हणाल्या. “मेरे ऊपर भी लाल निशान लगा दीजिए.”

साहेब माझ्याकडे बघायला लागला, की हा कोण, हा तरी काही समजदारीचं बोलेल. मी बोललो, “चाय अच्छी है, साब.” तेवढंच सुचलं. शेवटी साहेब म्हणाला, अर्ज द्या, वर विचारून सांगतो. काकूंनी अर्ज तिथेच बसून लिहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “वर विचारेपर्यंत खाली झाड राहणार नाही. यांच्या लाइनी मला माहीत आहेत.”

झालं पण तसंच. चौहानजींनी एका सकाळी चालता चालता हळूच सांगून टाकलं की उद्घाटन जवळ आलंय, नवमीला सकाळी आरीवाले येणार. मला वाटलं, आता काकू खाली बसतील. काकू तर खूश झाल्या. म्हणाल्या, आवळा कापायला या शहाण्याने आवळा नवमीच काढली. पंचांग बघणारा कोणी नाही वाटतं ऑफिसात. एवढा एक दिवस झाड उभं ठेवू, मग पुढचं मी बघते.

प्लान सोपा होता. आपल्या माळव्यात नवमीला बायका आवळ्याला कच्चं सूत गुंडाळतात, हळद-कुंकू वाहतात. सूत गुंडाळलेल्या झाडाला त्या दिवशी कोणी आरी लावणार नाही. फक्त सूत आरीवाल्यांच्या आधी बांधलं पाहिजे. काकूंना पहाटे डबे भरायचे होते. म्हणून सुताची मोठी लडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “विलास, एवढंच काम आहे. गेट उघडलं की सरळ मागच्या कोपऱ्यात जायचं आणि गुंडाळायचं. अर्धवट नाही, सगळी लडी.” मी म्हटलं, काकू, तुम्ही निश्चिंत राहा, माझं आयुष्य दोऱ्यात गेलंय.

पहाटे धुकं होतं. आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून मी गेलो. मागच्या कोपऱ्यात बारीक पानांचं झाड दिसलं. आता मी तिथे दोन वर्षं जेवलो होतो हे खरं, पण मी जेवताना झाडाकडे बघत नाही, पानात बघतो. एकदा वाटलं, लाल फुली कुठाय? फुली नव्हती. मला वाटलं, पूजेचा असर चालू झाला. मग काय, मी असं सूत गुंडाळलं की विचारू नका. सीटेला मारतो तसे घट्ट, एकाला एक लागून वेढे. फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, काम झालं. माझं बघून मल्हारगंजाकडच्या तीन बायका आल्या, हळद-कुंकू वाहिलं, फेऱ्या मारल्या, आणि मला पंडितजी समजून पाया पडल्या. मी आशीर्वाद पण दिला.

काकू आल्या. मागे डबे घेऊन चार जण. येऊन उभ्या राहिल्या. झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

“राँग नंबर, विलास,” त्या म्हणाल्या. “ही सुबाभूळ आहे.”

आवळा तिथून वीस पावलांवर होता. खोडावर लाल फुली, सुताचा एक धागा नाही, आणि त्याच्या खाली आरीवाले शिडी लावून राहिले होते. लडी संपलेली. मी सूत सोडायला गेलो, तर त्या तीन बायका माझ्या अंगावर आल्या, की पूजा झालेलं सूत सोडतो, पाप लागेल.

मला वाटलं, काकू आता माझ्या कानाखाली देणार. मी गाल तयार ठेवला होता. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ आवळ्याकडे गेल्या, शिडीच्या पायथ्याशी सतरंजी टाकली आणि झाडाला पाठ लावून बसल्या. पत्रावळी मांडल्या. डबे उघडले. धुक्यात मसालेभाताचा वास असा पसरला की वर चढलेला माणूस खाली बघायला लागला.

चौहानजी धावत आले. म्हणाले, माताजी, खाना मना है, बोर्ड लगा है, मेरी नौकरी जाएगी.

“तो सीटी बजाइए,” काकू म्हणाल्या. “आपका काम आप करो. ज़ोर से बजाओ.”

चौहानजींनी खरंच वाजवली. पूर्ण ताकदीने. आणि ती ऐकून अख्ख्या बगीच्यातले फिरणारे लोक थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो सरळ फेरा तुटला. सगळे मागच्या कोपऱ्याकडे यायला लागले, की कोण पडलं, काय लफडा झाला. काकू एकेकाचं तोंड बघत होत्या आणि म्हणत होत्या, “या. बसा. आवळीभोजन आहे.” बँकवाले बसले, साडीच्या दुकानवाले बसले, योगावाले चटया घेऊन बसले. मी पण बसलो. लाज वाटत होती, पण भूक पण होती.

आरीवाल्यांचा मुखिया गौतमपुऱ्याकडचा, माळवी बोलणारा होता. शिडीवरून उतरून उभा राहिला. काकूंनी पहिली पत्रावळ त्याच्यासमोर ठेवली. म्हणाल्या, आज पहिलं पान बाहेरून आलेल्याचं. तो म्हणाला, “आज नवमी है कई?” काकू म्हणाल्या, हो. त्याने आरी खाली ठेवली. म्हणाला, घरी माझी आई आता आवळ्याखालीच बसली असेल. मग हात धुऊन आला, पोरांना पण बोलावलं, आणि जेवायला बसला.

ठेकेदार आला तेव्हा त्याचे मजूर दुसऱ्यांदा भात घेत होते. ओरडला, काम कुणी थांबवलं, नेता कौन है इधर? आता तिथे उंच मी एकटाच, वर टिळा लावलेला. तो सरळ माझ्यावर आला. मी म्हटलं, “साब, मैं तो सीट सिलता हूँ.” हातात पुरी होती, ती मागे लपवली. आज पण मला कळत नाही, ती पुरी का लपवली.

काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, “नेता कोई नहीं है. लोग खाना खा रहे हैं. आप भी बैठो, नहीं तो होल्ड करो.”

ठेकेदाराने मुखियाला सांगितलं, उठ, चढ. मुखियाने हात न थांबवता मान हलवली. म्हणाला, ज्याच्या खाली जेवलो ते आज नाही कापणार. उद्या दुसरा माणूस आणा. ठेकेदार फोन लावत राहिला. तिकडून कोणी उचलत नव्हतं, एवढ्या सकाळी ऑफिसात कोण असणार.

पण खरी गोष्ट त्याच्यानंतरची आहे, आणि ती कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी काकू परत डबा घेऊन झाडाखाली. मी म्हटलं, काकू, नवमी तर काल झाली. म्हणाल्या, “पंचांगाची झाली, माझी नाही.” तिसऱ्या दिवशी पण. मग फिरणाऱ्यांनी पाळ्या लावल्या, रोज कोणाच्या तरी घरून डबा. ठेकेदार रोज यायचा, पंगत बघायचा आणि जायचा. मी रोज हजर असायचो, ते धैर्य समजू नका, दुपारचं जेवण फुकटात सुटत होतं. शेवटी कागद आला की सेल्फी पॉइंट गेटाजवळ हलवलाय. साहेब उद्घाटनाला आला तेव्हा आवळ्याशेजारी उभं राहून त्याने फोटो काढून घेतला. काकू म्हणाल्या, “काढू दे. झाडाला फरक पडत नाही.”

लाल फुली मी घासून काढायला गेलो होतो. त्यांनी हात धरला. “राहू दे. झाडाचं पण तोंड लोकांना दिसू दे, काय काय सोसलंय ते.” ती फुली अजून आहे. आणि सुबाभळीला पण आता दरवर्षी दहा-वीस बायका सूत बांधतात. त्यांना सांगायची हिंमत कोणात नाही. ती माझी कृपा.

पुढच्या उन्हाळ्यात काकू घरात, बाथरूममध्ये घसरल्या आणि खुबा मोडला. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर पहिलं वाक्य, “विलास, लोकांना नीट सांग, घरात पडले. नाही तर म्हणतील, उलटं चालायची म्हणून पडली.” पुण्याहून मुलगा आला. मुलगा चांगला आहे. मला तो आवडला नाही, पण चांगला आहे. आईला एकटी ठेवणार नाही म्हणाला, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

निघायच्या दिवशी काकूंनी गाडी बगीच्याकडे वळवायला लावली. चाकाच्या खुर्चीत बसल्या, मी ढकलायला. गेटातून आत आलो आणि सवयीने मी डावीकडे वळलो.

“विल्या,” त्या म्हणाल्या. बस, तेवढंच.

मी खुर्ची उजवीकडे फिरवली. समोरून सगळे येत होते, आणि कोणाला काय बोलावं कळत नव्हतं. काकूंना कळत होतं. “तुझं पोट वाढलंय.” “तू रात्री जागलास.” “चौहानजी, दाढी करा.” आवळ्याजवळ मी खुर्ची थांबवली, तर माझ्या हातावर चापट मारली. म्हणाल्या, “थांबू नकोस. मी निरोप घ्यायला आले नाही, फेरा मारायला आलेय.”

पुण्यात वॉकर घेऊन सोसायटीच्या अंगणात चालतात. तिथे पण उलट्या. वॉचमनने मुलाकडे तक्रार केली म्हणे.

आता बगीच्यात आम्ही पाच-सहा जण उलटे फिरतो. लोक आम्हाला काकूंची गँग म्हणतात, आणि गँगचा मुख्य मी आहे, असं मी तरी धरून चालतो. यंदा नवमीला सगळं मीच केलं. सूत आणलं, बरोबर झाडाला बांधलं, आधी फुली बघून खात्री केली, पंगत बसवली. मग काकूंना व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, काकू, बघा, तुमच्या मागे मी कसं सांभाळलंय. पहाटे कसा उठलो ते सांगितलं, बोर्ड असून पण कोणाला घाबरलो नाही ते सांगितलं, गँगबद्दल सांगितलं. तिकडून काकू एकटक बघत होत्या. मला वाटलं, या वेळी नक्की भरून आलंय. मी फोन अजून तोंडाजवळ आणला.

“होल्ड कर, विलास,” काकू म्हणाल्या. “तुझं तोंड खूप बघितलं मी. बाजूला हो, आवळा दिसू दे.”